सदर्न रॉकमधल्या एखाद्या वादकावर कुणाकुणाचे संस्कार झाले आणि त्यातून तो स्वतःचा कसा झाला?

एकच नाव घ्यायचं तर मी डेरेक ट्रक्स या गिटारवादकाचं घेईन. सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं, ब्लूजवर पोसलेलं रॉक, म्हटलं की बहुतेक जण ऑलमन ब्रदर्स बँडच्या ड्युएन ऑलमन या गिटारवाल्यापाशी थांबतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण ड्युएन १९७१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, अवघ्या २४ व्या वर्षी. त्याचं वादन पुढे कुठे जाऊ शकलं असतं, याचा थोडा अंदाज डेरेक ऐकताना येतो. शिवाय ज्याच्या कानावरून आपलं शास्त्रीय संगीत गेलंय त्याला हा माणूस चटकन ओळखीचा वाटतो.

डेरेक १९७९ चा, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. ऑलमन ब्रदर्स बँड १९६९ मध्ये याच गावात जमला आणि त्यातला ड्रमर बुच ट्रक्स हा डेरेकचा काका. नावसुद्धा एरिक क्लॅप्टनच्या ‘डेरेक अँड द डॉमिनोज’वरून ठेवलेलं, आणि त्यांच्या ‘लैला’ अल्बमवर स्लाइड वाजवणारा पुन्हा ड्युएनच. म्हणजे पोराचं भवितव्य बारशालाच ठरल्यासारखं. नवव्या वर्षी कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्याला पाच डॉलरला गिटार मिळाली. हात लहान, तारा दाबणं जड जायचं, म्हणून तो बोटात नळी घालून स्लाइड वाजवायला लागला. घरात ऑलमन ब्रदर्सचा, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातला लाइव्ह अल्बम आणि ब्लूजमधला स्लाइडवाला एल्मोर जेम्स याच्या रेकॉर्डी. अकराव्या वर्षी तो पैसे घेऊन कार्यक्रम करत होता.

इथे धोका होता. ड्युएनसारखं हुबेहूब वाजवणारं पोर म्हटल्यावर लोक तिकीट काढणारच, आणि तेवढ्या भांडवलावर अख्खी कारकीर्द निघाली असती. पण डेरेक ड्युएनच्या वाक्यांपाशी थांबला नाही. ड्युएन कुणाला ऐकत होता ते शोधत मागे गेला. ऑलमन ब्रदर्सचा दुसरा ड्रमर जेमो. त्याने ड्युएनला माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझवाल्यांची गोडी लावली होती. एकाच स्वरसप्तकावर दहा-दहा, वीस-वीस मिनिटं विस्तार करत राहायचं, हे त्या बँडला ब्लूजने नव्हे, जॅझने दिलं. कोल्ट्रेन स्वतः रविशंकरांचा इतका चाहता की त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं. म्हणजे जॉर्जियातल्या मेकन गावात राहून ऑलमन ब्रदर्सची लांबकेसी मंडळी जे वाजवत होती, त्यात आपल्याकडचा एक धागा आडवाटेने येऊन बसलाच होता. डेरेकच्या बँडचा पहिला अल्बम १९९७ चा. त्यात कोल्ट्रेनचं ‘नाइमा’ आहे, माइल्सचं ‘सो व्हॉट’ आहे. अठरा वर्षांच्या सदर्न रॉकवाल्याकडून ही निवड कोण अपेक्षील?

पुढे तो कॅलिफोर्नियात सॅन राफेलला, सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांच्या संगीत महाविद्यालयातही शिकायला गेला. तिथे त्याला नेमकं काय मिळालं असेल हे कळायला गिटारकडे जरा जवळून बघावं लागेल. डेरेक गिटार ‘ओपन ई’त लावतो. आपल्या भाषेत खर्जाकडून सहा तारा: सा, प, सा, ग, प, सा. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी अख्खा मेजर कॉर्ड वाजतो. काचेची नळी तारेवर अलगद टेकते, तार पडद्याला लागतच नाही. त्यामुळे पडदे असूनही ही गिटार सरोदसारखीच बिनपडद्याची होते. ब्लूजचा गंधार तर ना धड कोमल ना धड शुद्ध, दोघांच्या मधे कुठेतरी. साधा स्लाइडवाला तिथून झर्रकन घसरून वर जातो. डेरेक खालून हळू चढतो, मधेच थबकतो, कण लावतो आणि मग स्वरावर बसतो. याला आपण मींडच म्हणतो. त्यात उजव्या हातात पिक नाही, उघड्या बोटांनी तारा छेडणं, आणि गिटार बहुधा थेट अँपला जोडलेली. तो गिटारवाल्यांपेक्षा गाणाऱ्यांच्या मागे गेला, असं मला वाटतं. गायकी अंग म्हणा ना.

नुसरत फतेह अली खाँसाहेबांच्या कव्वालीवर बेतलेली ‘माकी मदनी’ त्याने २००२ च्या अल्बमवर राहत फतेह अली खाँसोबत केली आणि २००६ मध्ये पुन्हा वाजवली. इकडची मंडळी त्याची ओळख करून देताना हमखास तीच लिंक पाठवतात. मला ती तेवढी भिडत नाही. छान आहे, पण पाहुणा म्हणून वाजवल्यासारखी. खरा सरोद त्याच्या साध्या ब्लूजमध्ये मुरलाय, जिथे तो भारतीय काही करायला जातच नाही.

१९९९ मध्ये, विशीत, तो रीतसर ऑलमन ब्रदर्समध्ये दाखल झाला आणि २०१४ ला बँड थांबेपर्यंत राहिला. दरम्यान २०१० मध्ये बायको सुझन टेडेस्कीबरोबर टेडेस्की ट्रक्स बँड काढला. गंमत बघा, ‘लैला’ अल्बम ज्या दिवशी निघाला, ९ नोव्हेंबर १९७०, त्याच दिवशी सुझनचा जन्म. या बँडमध्ये दहा-बारा माणसं, दोन ड्रमर, ब्रास, कोरस. मला त्याची सगळ्यात मोठी वाढ इथे दिसते, कारण इथे तो कमी वाजवायला शिकला. सुझन गात असताना तो कित्येक ओळी गप्प असतो, मग दोनच स्वर टाकतो. लहानपणापासून ‘विलक्षण पोर’ म्हणून मिरवलेल्या वादकाला हे सोपं नसतं. (दोन ड्रमरांची जुगलबंदी मात्र कधीकधी फार लांबते. मी पुढे ढकलतो.) २०२२ मध्ये त्यांनी ‘आय ॲम द मून’ नावाने चार अल्बम काढले, ते थेट फारसी कवी निजामीच्या लैला-मजनूवर. क्लॅप्टनने गाण्याचं नाव जिथून उचललं, त्या मूळ काव्यापर्यंत ही मंडळी गेली.

ऐकायला सुरुवात करायची तर २०१२ च्या ‘एव्हरीबडीज टॉकिन’ या लाइव्ह अल्बमवरचं ‘मिडनाइट इन हार्लेम’ लावा. आधी ‘स्वॅम्प रागा’ नावाचा आलापासारखा भाग येतो, त्यातून ड्युएनची ‘लिटल मार्था’ डोकावते आणि मग गाणं सुरू होतं. ते आवडलं तर फिलमोर ईस्टचा अल्बम घ्या आणि त्यानंतर अली अकबर खाँसाहेबांचा कुठलाही लांब आलाप. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर मींडा ऐकू येत नाहीत.