दहावीच्या मुलाने झोप कमी करून अभ्यास वाढवला तर गुण वाढतील का?

मुलगा दहावीला, रात्री एकपर्यंत जागतो, साडेपाचला उठून क्लासला जातो, तरी घटक चाचणीत गुण घसरले. झोप अजून कमी करायला लावू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून लावू नका. मी अठरा वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते, पहिला तास बहुतेक माझाच असतो.

गेल्या वर्षी एका मुलीची वही तपासत होते. वर्गसमीकरणं. पहिल्या पानावर अक्षर टपोरं, दुसऱ्यावर ओळ सोडून खाली उतरलेलं, तिसऱ्यावर ऋण चिन्हं गळालेली आणि तळाशी पेन घसरत गेल्याची नुसती रेघ. "कधी सोडवलीस?" "रात्री दीडला, बाई." त्यातलंच एक गणित फळ्यावर दिलं. सूत्र तोंडपाठ होतं, पण सुरुवात कुठून करायची तेच सुचेना.

दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. गाढ झोपेत मेंदू दिवसभराचं पुन्हा घोळवतो आणि कायमच्या जागी लावतो. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, आणि साडेपाचचा गजर नेमकी तीच तोडतो. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. तुमच्या मुलाला साडेचार मिळतात.

आणि रात्री लवकर झोप येत नाही हा त्याचा आळस नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होऊ लागतं. अमेरिकेत सिअ‍ॅटलने २०१६ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला सुरू केल्या, तर मुलं रोज सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपू लागली. आपल्याकडे २०२४ मध्ये शासनाने नऊच्या आधी शाळा नको असं ठरवलं, तेही फक्त चौथीपर्यंत. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ती दहावीची मुलं तशीच राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री झोपवलं की झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मनगटाला पट्टे बांधून झोप मोजली होती (२०१९ चा अभ्यास). गुणांशी आदल्या रात्रीच्या झोपेचा मेळ बसला नाही; आधीच्या आठवड्यांतल्या नियमित झोपेचा बसला.

तेव्हा आधी क्लासची संध्याकाळची बॅच मिळते का बघा. अवघड धडे जेवणाआधी उरकू द्या. रात्रीचा चहा बंद, साडेदहाला मोबाइल स्वयंपाकघरात. सकाळी उठल्यावर कालचंच एक गणित वही न बघता सोडवायला सांगा. त्या मुलीने हे केलं आणि पूर्वपरीक्षेच्या पेपरात ऋण चिन्हं जागच्या जागी होती. हा बदल दिसायला तीनेक आठवडे तरी द्या. पुरेसं झोपूनही तो वर्गात पेंगत असेल किंवा रात्री जोरात घोरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.