कोकणातून आणलेले शंख आणि नदीतले दगड फिश टँकमध्ये ठेवले तर चालतील का?

तुम्ही विचारलंय की दोन फुटी टाकीत निऑन टेट्रा आहेत आणि गुहागरच्या किनाऱ्यावर वेचलेले शंख, शिवाय नदीतले दगड आत मांडायचे आहेत. दगड बहुतेक चालतील. शंख निऑनच्या टाकीत नकोत.

शंख-शिंपले म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात हळूहळू विरघळतं, पाणी जड म्हणजे जास्त क्षारांचं होतं, पीएच चढतो म्हणजे आम्लपणा कमी होतो. गप्पी, मॉली या माशांना असं पाणी मानवतं. पण निऑन हा मुळात ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातला मासा. दुसरं म्हणजे, शंखाच्या आतल्या वळणात मेलेला जीव अडकलेला असू शकतो. माझ्या गप्पींच्या टाकीत मी असाच एक शंख नुसता नळाखाली धुऊन सोडला होता. दोन दिवसांनी सकाळी बघतो तर पाणी गढूळ आणि मासे वर येऊन धापा टाकतायत. शंख काढून झटकला तेव्हा आतून काळपट गोळा पडला. हात दोनदा धुऊनही वास जाईना. चार गप्पी गेल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दगडावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यातही कॅल्शियम कार्बोनेट आहे, तो दगड नको. आपला काळा कातळ सहसा निर्धोक, पण त्यातल्या पांढऱ्या शिरेवर थेंब जरूर टाकून बघा, ती कॅल्साइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचीच, असू शकते. दगड ब्रशने घासा, साबण अजिबात नको. उकळूही नका, आत पाणी अडकलेलं असेल तर दगड फुटतो. वरून कढत पाणी ओतलंत तरी पुरे. मोठा दगड आधी तळाशी नीट बसवा आणि मग भोवती रेती टाका, म्हणजे तो कलंडून काचेवर आपटणार नाही.

तांब्या-पितळेच्या मूर्ती, नाणी बिलकुल नकोत. तांबं पाण्यात उतरलं की माशांना विषारी, गोगलगायी आणि झिंग्यांना तर फारच.

माझं ऐकाल तर ड्रिफ्टवूडचा, म्हणजे टाकीत ठेवायच्या लाकडाचा, एक तुकडा घ्या. आठवडा-दोन आठवडे बादलीत भिजवा, पाणी बदलत राहा. तरी टाकीतलं पाणी थोडं कोऱ्या चहासारखं होईल, त्याने घाबरू नका, निऑनला ते आवडतं आणि त्यांची निळी रेघ त्यात जास्त उठून दिसते. त्या लाकडाला सुती दोऱ्याने ॲनुबियास ही पाणवनस्पती बांधा. तिचा आडवा कंद मात्र रेतीत पुरू नका, कुजतो.

शंख टाकीशेजारी काचेच्या बरणीत ठेवा.