आईचं घर माझ्या नावावर केलं तर मेडिकेड (अमेरिकेतली कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) नर्सिंग होमचा, म्हणजे वृद्धांची दीर्घकाळ देखभाल करणाऱ्या संस्थेचा, खर्च देईल का?

लगेच अर्ज करणार असाल तर बहुतेक अडेल. न्यू जर्सीत नर्सिंग होमसाठी मेडिकेड हवं तर एकट्या माणसाची मोजली जाणारी मालमत्ता 2,000 डॉलरच्या आत लागते. राहतं घर आणि एक गाडी सहसा त्यात धरत नाहीत. पण अर्जाआधीच्या 5 वर्षांत कुणाला फुकट काही दिलं असेल, अगदी घरही, तर ते उकरून काढतात. दिलेल्या रकमेला किंवा घराच्या किमतीला नर्सिंग होमच्या सरासरी मासिक खर्चानं भागतात. समजा 2 लाख डॉलर दिले आणि महिना 10,000 धरला, तर 20 महिने मदत नाही. मेख अशी की हे महिने बक्षीसपत्राच्या तारखेपासून नाही, तर आईचे पैसे संपून, ती तिथे दाखल होऊन अर्ज केला की मग सुरू होतात. ‘गिफ्ट टॅक्सच्या मर्यादेत दिलंय की!’ हे इथे चालत नाही, तो कायदाच वेगळा. पुण्यातला फ्लॅट असेल तर तोही दाखवावा लागतो. तुम्ही आईच्याच घरी निदान 2 वर्षं राहून काळजी घेतलीत आणि त्यामुळे तिचं नर्सिंग होममध्ये जाणं लांबणीवर पडलं असेल, तर मात्र घराला सूट आहे. डॉक्टरांचं तसं पत्र आत्ताच घेऊन ठेवा.