गरज आहे तोवर बोल

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेल रात्री अडीचला आलेला दिसला, म्हणजे झोप उडाली आहे. ऑफिसात नवी सिस्टिम येते आहे, शेजारच्या टेबलावरच्या दोघांची नोकरी गेली, जागा भरल्या नाहीत. “मी उगाच घाबरतोय का?” असं विचारलंस. उगाच नाही.

मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, स्टिक, नजर मजकुरावर, उजवा हात न बघता केसच्या, खिळ्यांच्या पेटीच्या, नेमक्या खणात. उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायचो. मग कॉम्प्युटर आला आणि सगळे खिळे एका दुपारी वजनावर विकले गेले. हे होणार, ते वर्षभर आधीच आम्हाला दिसत होतं. तरी कुणी कुणाशी बोललं नाही. गप्प राहिलो तर आपण तरी वाचू, असं प्रत्येकाला वाटायचं. त्याची खंत अजून आहे.

न्यूयॉर्कचे कंपोझिटर, म्हणजे माझ्यासारखेच मजकूर जुळवणारे, गप्प बसले नाहीत. १९७४ साली त्यांच्या युनियनने तिथल्या मोठ्या दैनिकांशी करार केला: नवी यंत्रं आणा, पण आज कामावर असलेल्यांची नोकरी कायम राहील. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा ओतीव शिशाच्या ओळींवर छापलेला शेवटचा अंक निघाला जुलै १९७८ मध्ये. त्यांच्या हातांशिवाय अंक निघत नव्हता, तेव्हाच ते बोलायला बसले. नंतर कोण ऐकतं?

तुझ्यावाचून अजून काम अडतं आहे. तेव्हा आत्ताच विचार: नवी सिस्टिम आली की माझ्याकडचं कोणतं काम राहणार? ती शिकायला कामाच्या वेळेतच वेळ मिळणार का? उत्तर लेखी माग. आणि एकटा जाऊ नकोस, चौघं मिळून जा. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आजच घरी आणून ठेव. ऑफिसचा पासवर्ड एका क्षणात बंद होतो.

“नवीन काहीतरी शीक,” असं सगळे सांगतील. शीक, जरूर शीक. पण नोकरी गेलीच तर आपण कमी पडलो, असं मनाला लावून घेऊ नकोस. माझं शुद्धलेखन पक्कं होतं, म्हणून मला प्रुफं तपासायला ठेवलं. माझ्याहून झरझर जुळवणारा, तितकंच शुद्ध लिहिणारा सोबती घरी गेला. खुर्ची एकच होती.

सोमवारी कुणाकुणाशी बोललास, ते कळव.