क्रोएशियातल्या ह्वार शहराजवळच्या पाल्मिझाना मरिनात (बोटी लावायच्या छोट्या बंदरात) शिडाची बोट कशी लावायची, आणि उतरून काय पाहायचं?

पहिल्यांदाच जाताय म्हणून आधी एक धास्ती घालवतो: तिथे नांगर टाकायचा नसतो. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १७ नंबर चॅनलवर मरिनाला हाक मारा, जागा ते सांगतात. फेंडर (बोट घासू नये म्हणून कडेला लावायच्या फुगीर गाद्या) आणि मागचे दोन्ही दोर बाहेरच तयार ठेवा. आत शिरल्यावर शोधाशोध सुरू झाली की घोळ ठरलेला.

बोटीची पाठ धक्क्याकडे करून सावकाश मागे घ्या. वाऱ्याच्या बाजूचा दोर आधी द्यायचा. मग धक्क्यावरचा माणूस पाण्यातला एक दोर आकड्याने उचलून देईल, तो हातात धरत पुढे नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत न्यायचा आणि ताणून बांधायचा. हा दोर शेवाळाने बुळबुळीत असतो, वर चिकटलेल्या शिंपल्यांनी तळवा कापतो. हातमोजे घालाच. आणि तो पाण्यात ढिला असेपर्यंत इंजिन न्यूट्रलमध्ये, नाहीतर बोटीखालच्या पंख्यात अडकलाच म्हणून समजा.

मरिना स्वेती क्लेमेंट बेटावर आहे, ह्वार शहरात नाही; बरेच जण इथेच फसतात. पाइनच्या सावलीतून दहा-पंधरा मिनिटं चाललात की बेटाच्या दक्षिणेची विनोग्राडिश्चे खाडी लागते, पोहायला झकास. शहरात जायला टॅक्सी बोट मिळते. तिथे १६१२चं नाट्यगृह पाहा आणि ऊन उतरल्यावर किल्ला चढा. वरून ही सगळी बेटं एका नजरेत दिसतात. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे मात्र उतरतानाच विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये जागा आधीच राखून ठेवा.