कच्चं लिंबू आणि आठ फ्रेम

प्रिय मित्रा,

तुझ्या गेमचा बिल्ड, म्हणजे आतापर्यंत तयार झालेली आवृत्ती, तीन रात्री खेळलो. घाटातल्या त्या राक्षसाने कितीदा तरी मारलं आणि दर वेळी पुन्हा उठावंसं वाटलं. गाभा तुला जमलाय. पण 'सोपा पर्याय दिला की गेमचा जीव जातो' हे तुझं म्हणणं मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

लालबागला आमच्या चाळीत लहानग्यांना कच्चं लिंबू म्हणून खेळात घ्यायचे. ते आऊट झाले तरी त्यांच्यावर राज्य नाही. त्याने मोठ्यांचा लपंडाव कधी बिघडला नाही. पण शेजारच्या एका मुलाचा पाय पोलिओने अधू होता. तो दहा वर्षांचा झाला तरी आम्ही त्याला कच्चं लिंबूच म्हणायचो. सवलत त्याने आनंदाने घेतली होती, ते नाव मात्र लागायचं. एक दिवस तो खाली यायचाच बंद झाला. मला अजून ते सलतं.

गेममध्येही हे झालंय. 1992च्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'त सर्वांत सोप्या पातळीचं नाव होतं 'बाबा, मी खेळू का?' आणि शेजारी नायकाचा चेहरा, डोक्यावर बाळाचं टोपरं. तुझ्या मेनूत 'कच्चा खेळाडू' लिहिलंयस, ते आधी काढ. 'सेलेस्ट' (2018) बघ. गेम भयंकर अवघड, पण असिस्ट मोडमध्ये, म्हणजे मदतीच्या सोयीत, खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करत निम्म्यावर आणता येतो. 'हेडीस'चा गॉड मोड तर मला फारच आवडतो: सुरुवातीला मार 20 टक्के कमी बसतो, मग प्रत्येक मरणामागे आणखी 2 टक्के, थेट 80 पर्यंत.

आता तुझा राक्षस. वार चुकवायला तू आठ फ्रेम, म्हणजे पडद्यावर पाठोपाठ येणारी आठ चित्रं, एवढाच वेळ दिलायस. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर ते साधारण 133 मिलिसेकंद. डोळ्याने पाहून बोट हलवायलाच बहुतेकांना 200 ते 250 लागतात. म्हणजे वाराआधीच्या हालचालीवरून वेळ पाठ करूनच माणूस वाचतो. ज्याला कमी दिसतं त्याने काय करायचं? वाराआधी आवाज दे. ज्याला ऐकू येत नाही, किंवा जो भरल्या लोकलमध्ये आवाज बंद करून खेळतोय, त्याच्यासाठी तलवार चमकू दे. कर्णबधिर खेळाडूला राक्षस दुबळा नको असतो रे, त्याची चाहूल हवी असते. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये (2020) अशी 60हून अधिक सेटिंग्ज आहेत, आणि काठिण्यपातळी त्यांच्याहून वेगळी निवडता येते.

'सेकिरो'त (2019) पातळी निवडताच येत नाही, आणि तो मलाही प्रिय आहे. तुलाही तसंच ठेवायचं असेल तर ठेव, पण कोण बाहेर राहतंय ते डोळ्यांनी बघून ठरव.

बाकीचं थोडक्यात. आठ हा आकडा कोडमध्ये एकाच जागी ठेव, म्हणजे उद्या बारा करता येईल. बटणं बदलू दे. लाल-हिरवे शत्रू आकारानेही वेगळे कर, ज्यांना या रंगांतला फरक दिसत नाही त्यांच्यासाठी. मराठी सबटायटल्सच्या दोन ओळींत जास्त जागा सोड, वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतायत.

रविवारी सकाळी परळला ये. माझी एक मैत्रीण एका हाताने खेळते, आणि फार चिवट आहे. गेम तिच्या हातात दे आणि शेजारी बस. काही समजावून सांगू नकोस. ती कुठे अडते तेवढं लिहून घे. चहा मी करतो.

तुझा,
दादा