आधी पार्ट लिहून काढ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दहा-बारा तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा काढायचा म्हणतेस आणि विचारतेस काय, तर कंडक्टिंग कुठे शिकू! अगं, हात कसे हलवायचे ते कोणीही शिकवेल. त्याऐवजी तुला क्लाउदिओ शिमोने या इटालियन कंडक्टरबद्दल सांगतो.

हा माणूस इटलीतल्या पादोवाचा. तेच पादोवा, ज्याच्या नावाने ओळखले जाणारे सेंट अँटनी आपल्या गोव्यात शिवोलीच्या चर्चमध्ये आहेत. त्या संतांच्या पादोवातल्या बॅसिलिकात अठराव्या शतकात तार्तिनी हा संगीतकार व्हायोलिन वाजवायचा. शिमोनेंनी 1959 साली तिथेच ‘इ सोलिस्ती व्हेनेती’ हा ऑर्केस्ट्रा सुरू केला, तेव्हा त्यांना पंचवीस पूर्ण व्हायची होती. फ्रांको फेरारा, मित्रोपुलोस अशा गुरूंकडे शिकलेला मुलगा मोठ्या ऑर्केस्ट्राची वाट धरू शकला असता. पुढे लिस्बनच्या गुलबेंकियान ऑर्केस्ट्राचं काम त्यांनी केलंही. पण घर एकच. सप्टेंबर 2018 मध्ये गेले तोवर, जवळजवळ साठ वर्षं, हा आपला ऑर्केस्ट्रा त्यांनी सोडला नाही.

ते बसून काय करायचे, ते बघ. विवाल्दी हा इटालियन संगीतकार 1741 मध्ये व्हिएन्नात वारला आणि त्याची हस्तलिखितं कुठेतरी पडून राहिली. 1920च्या दशकात ती सापडली आणि तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आली. त्याचं ‘फोर सीझन्स’ हे व्हायोलिनचं संगीत सगळ्यांनी उचललं. ऑपेरांना मात्र कोणी फारसा हात लावेना. शिमोनेंनी त्याचा 1727चा ऑपेरा ‘ऑर्लांदो फुरिओसो’ काढला, वाजवता-गाता येईल असा सिद्ध केला, 1977मध्ये रेकॉर्ड केला आणि पुढच्या वर्षी व्हेरोनात रंगमंचावर आणला. ऑर्लांदोची भूमिका गायली मॅरिलिन हॉर्न या गायिकेने. त्यात त्यांनी कात्री भरपूर चालवली, जागाही इकडच्या तिकडे केल्या. मला ते आजही खटकतं. जुन्या धाटणीच्या वाद्यांचा जमाना आला तरी ते आधुनिक वाद्यांवरच राहिले, यावरूनही लोक नाकं मुरडायचे. मुरडू देत. मूळ कागदासमोर बसलेल्या माणसालाच चुकायचा हक्क असतो.

मी तोही मिळवला नव्हता. तिशीत मी असाच एक ऑर्केस्ट्रा काढला होता. पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे स्वरलिपीचे कागद, कुठूनतरी आणलेल्या फोटोकॉपीचे; त्यात पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या बोइंगच्या, म्हणजे बो (गज) कुठल्या दिशेने ओढायचा त्याच्या, खुणा जुळत नव्हत्या. निम्मी तालीम बो वर न्यायचा की खाली, या भांडणात जायची, आणि मी पुढे उभा राहून बेटन फिरवत होतो. चौथ्या कार्यक्रमानंतर कोणी आलंच नाही. दोष त्यांचा नव्हता.

व्हायोला (व्हायोलिनचाच थोडा मोठा भाऊ) वाजवणारं कोणी मिळत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. मग रॉसिनी या इटालियन संगीतकाराचे सहा सोनाटा घे. 1804 साली बारा वर्षांच्या पोराने लिहिलेले: दोन व्हायोलिन, चेलो आणि डबल बेस. व्हायोला नाहीच! शिमोनेंच्या ऑर्केस्ट्राने ते रेकॉर्ड केलेत, जरूर ऐक. पण चारही पार्ट स्वतःच्या हाताने उतरवून काढल्यावर. लिहिताना कळेल की डबल बेसला त्याने नुसतं ‘धूम धूम’ करत बसवलेलं नाही. ज्यांच्या घरी लिहिले ते यजमान त्रिओस्सी स्वतः बेस वाजवायचे, त्यामुळे काही ठिकाणी बोटं दमतात. तिथे लय किती ठेवायची ते आधी त्या वादकाला विचार, मग ठरव.

पहिला सोनाटा उतरवून झाला की पाठव. खुणा पेन्सिलीनेच कर, दुसऱ्या तालमीत निम्म्या खोडाव्या लागतील. आणि तुझा बेसवाला रेल्वेत आहे म्हणतेस, तर तालमीची वेळ त्याची ड्यूटी बघून ठेव. व्हायोलिनवाले चार मिळतील, तो एकच आहे.

कळावे,
तुझा सर